डिजिटल विपणनातील संशोधनाची चिकित्सा : बीडच्या सीताफळाच्या संदर्भात

बीजशब्द : डिजिटल विपणन, जाहिरातीची परिणामकारकता, कार्यकारणभाव, भौगोलिक मानांकन, सीताफळ, बीड जिल्हा

प्रस्तावना

बदलत्या तंत्रज्ञानामुळे व संशोधनामुळे विपणनाचे स्वरूप आमूलाग्र पालटले आहे, हे विधान आज वाणिज्य व व्यवस्थापन विषयांच्या जवळजवळ प्रत्येक परिसंवादात ऐकावयास मिळते. ते खोटे नाही. परंतु त्यात तीन निरनिराळी विधाने एकाच गाठोड्यात बांधलेली आहेत. ग्राहकापर्यंत पोहोचण्याची साधने बदलली, हे त्यांपैकी पहिले. पोहोचल्याचा परिणाम मोजण्याची पद्धत बदलली, हे दुसरे. आणि या दोहोंमुळे विक्रेत्याच्या पदरात पडणारे मूल्य वाढले, हे तिसरे. पहिले विधान कोणालाही डोळ्यांनी दिसते. दुसरे अर्धेमुर्धे माहीत असते. तिसरे मात्र बहुधा गृहीत धरले जाते, आणि ज्या जिल्ह्यात विक्रेता म्हणजे मुख्यतः शेतकरी आहे, तेथे या गृहीतकाची किंमत मोठी असते.

बीड हा असा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती आणि दर पाच व्यक्तींमागे चार ग्रामीण भागात राहत होत्या. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीड शहरातून प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याच्या नऊ वर्षे अगोदर, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन स्वस्त इंटरनेट ग्रामीण भागात पसरू लागले होते. म्हणजे बीड शहरात जाहिरात आधी आली आणि मालगाडीची शक्यता नंतर. डिजिटल विपणनासंबंधीच्या आपल्याकडील लेखनात हा क्रम क्वचितच लक्षात घेतला जातो. प्रस्तुत लेखात या लेखनाची चिकित्सा करताना जिल्ह्याच्या ओळखीचे झालेले सीताफळ हे उदाहरण म्हणून घेतले आहे.

साधने आणि त्यांमागील लिलाव

साधनांचा इतिहास सर्वपरिचित असल्याने त्याची लांबण लावण्याचे कारण नाही. गुगलची ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरात सेवा २००० साली सुरू झाली, भारतात युपीआय २०१६ साली आले, व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ च्या प्रारंभी उपलब्ध झाले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून जाहिरातीचा मजकूर व चित्र यंत्राकडून करवून घेणे सर्वांच्या आवाक्यात आले. या टप्प्यांची यादी बहुतेक शोधनिबंधांत असते. त्यात जे नसते ते म्हणजे या साधनांच्या पोटातील यंत्रणा.

शोधयंत्रावरील जाहिरातीची जागा ही वृत्तपत्रातील जागेप्रमाणे दरपत्रकानुसार विकली जात नाही. प्रत्येक शोधागणिक क्षणार्धात लिलाव होतो. कोणाची जाहिरात वर दिसावी हे बोली आणि जाहिरातीची गुणवत्ता यांच्या एकत्रित विचाराने ठरते. या लिलावाचे अर्थशास्त्र बेंजामिन एडलमन, मायकेल ऑस्ट्रोव्स्की व मायकेल श्वार्झ यांनी एका निबंधात आणि हॅल व्हेरियन यांनी स्वतंत्रपणे, असे दोन्हीकडे २००७ सालीच मांडले. त्यावरून ध्यानात येते ते असे की, डिजिटल जाहिरात ही ‘कमी खर्चाची’ असते हे पाठ्यपुस्तकी वाक्य सरसकट खरे नाही. ज्या शब्दासाठी बोली लावणारे थोडे, तो शब्द स्वस्त. ज्यासाठी मोठ्या शहरांतील पुरवठादार उतरले आहेत, तो महाग. पुण्यातील ग्राहक घरपोच फळांचा शोध घेतो तेव्हा बालाघाटातील बागायतदाराची बोली भरपूर भांडवल असलेल्या कंपन्यांच्या बोलीसमोर उभी राहते. बाजार समितीच्या आवारातील लिलाव शेतकऱ्याला निदान दिसतो. येथील लिलाव त्याला दिसतही नाही.

मोजमापाचा प्रश्न

डिजिटल माध्यमाचा सर्वांत मोठा गुण म्हणून मोजता येण्याची सोय सांगितली जाते. जाहिरात किती जणांनी पाहिली, किती जणांनी तिच्यावर बोट ठेवले, त्यांतील किती जणांनी खरेदी केली, हे आकडे तत्काळ मिळतात. परंतु ज्याने जाहिरात पाहून खरेदी केली तो जाहिरात नसती तरी खरेदी करणार होता काय, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत नसते. गेल्या पंधरा वर्षांतील या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे संशोधन याच प्रश्नाभोवती झाले आहे, आणि आपल्या निबंधांच्या संदर्भसूचीत नेमके तेच आढळत नाही.

टॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा ईबे या कंपनीवरील अभ्यास २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंपनीचे नाव टाकून शोध घेणाऱ्यांना दाखविल्या जाणाऱ्या जाहिराती काही शोधयंत्रांवर थांबविण्यात आल्या, तेव्हा जाहिरातीवरून येणारे जवळजवळ सर्व लोक तिच्याखालीच असलेल्या विनामूल्य दुव्यावरून संकेतस्थळावर आले. पुढे इतर शब्दांवरील जाहिरातीही अमेरिकेच्या काही भागांत बंद ठेवून पाहिल्या, तेव्हा एकूण विक्रीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर मात्र तो दिसला. नियमित ग्राहक आधीच ठरवून आलेला असतो आणि त्याच्या खरेदीचे श्रेय वाटेत भेटलेली जाहिरात घेते. देवळाच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक भाविकाला दर्शनाचे आमंत्रण द्यावे आणि संध्याकाळी गर्दीचे श्रेय आपल्या नावावर मांडावे, असा हा प्रकार आहे.

त्याच वर्षी रँडल लुईस व जस्टिन राव यांनी अमेरिकेतील २५ मोठ्या क्षेत्रीय प्रयोगांचा आढावा घेऊन अधिकच अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली. माणसाच्या खरेदीत मुळातच इतका चढउतार असतो आणि एका जाहिरातीचा परिणाम त्या मानाने इतका लहान असतो, की लक्षावधी लोकांवर प्रयोग करूनही जाहिरातीवरील परतावा नफ्याचा आहे की तोट्याचा, हे खात्रीने सांगणे अनेकदा शक्य होत नाही. फेसबुकवरील १५ प्रयोगांची माहिती वापरून ब्रेट गॉर्डन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले की, प्रयोग न करता केवळ उपलब्ध आकड्यांवरून काढलेले परिणामांचे अंदाज प्रत्यक्षापासून बरेच दूर जातात, आणि पुष्कळदा ते फुगलेले असतात.

उलट बाजूही नमूद करणे न्यायाचे ठरेल. ज्याच्याकडे प्रचंड वर्दळ आहे, त्याला संशोधनाने खरोखर अमाप दिले आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावर २०१२ साली जाहिरातीच्या शीर्षकाच्या मांडणीत केलेल्या एका किरकोळ बदलाने उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढल्याचे रॉन कोहावी यांनी नोंदविले आहे. तो बदल कितीतरी महिने कोणी मनावरही घेतला नव्हता. प्रयोग केला तेव्हा त्याचे मोल कळले. पण हा लाभ प्रयोगाच्या आकाराचा आहे. दिवसाला कोट्यवधी भेटी असतील तर लहानसा फरकही मोजता येतो. हंगामात दोन-तीनशे पेट्या विकणाऱ्याला तो कधीच मोजता येणार नाही. तंत्रज्ञानाने लहान व मोठा यांना एका पातळीवर आणले, या लाडक्या सिद्धान्ताला येथे तडा जातो. साधन दोघांच्या हाती सारखे असेल. त्या साधनाचा उपयोग झाला की नाही हे कळण्याची क्षमता दोघांची सारखी नाही.

ग्राहकाच्या माहितीच्या संकलनावर आता निर्बंध येत आहेत, हा वेगळा व विस्तृत विषय आहे. ॲपलने २०२१ पासून ॲपना वापरकर्त्याचा माग काढण्यापूर्वी परवानगी घेणे भाग पाडले. गुगलने त्रयस्थ कुकीज बंद करण्याची घोषणा २०२० साली केली आणि २०२४-२५ मध्ये ती मागे घेतली. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. येथे एवढेच म्हणणे पुरे, की माग काढणे जितके अवघड होईल तितके प्रयोगावर आधारलेल्या मोजमापाचे महत्त्व वाढेल.

महाराष्ट्रातील एक प्रयोग

वरील अभ्यास परदेशातील आणि मोठ्या कंपन्यांचे आहेत, त्यांचा आपल्याशी काय संबंध, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. म्हणून महाराष्ट्रातच झालेल्या एका अभ्यासाकडे वळणे आवश्यक आहे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २००७ साली ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू केली. शेतकऱ्याने वर्गणी भरली की त्याच्या मोबाइलवर बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला यांचे लघुसंदेश येत. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातील शंभर गावांमधील नऊशेहून अधिक शेतकऱ्यांवर या सेवेचा प्रयोग केला. काही गावांतील शेतकऱ्यांना सेवा विनामूल्य देण्यात आली, इतरांना नाही. आणि कोणाला द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरविण्यात आले. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.

ते निष्कर्ष प्रत्येक वाणिज्य विभागाच्या फलकावर लावण्याजोगे आहेत. संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांनी आपले निर्णय त्या माहितीवरून घेतल्याचे सांगितले. काहींनी बाजारपेठ बदलून पाहिली, काहींनी मालाची प्रतवारी केली. पण हे परिणाम लहान होते. शेतकऱ्याला मिळालेल्या सरासरी भावात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय असा कोणताही फरक आढळला नाही. पीक बदलण्यात नाही, पावसाने होणाऱ्या नुकसानीतही नाही.

यातील पहिला भाग विशेष मननीय आहे. ‘आपणांस माहितीचा उपयोग झाला काय?’ असे विचारले असता शेतकरी ‘झाला’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. तरीही त्याच्या भावात फरक पडलेला नसतो. शंभर उत्तरदात्यांकडून प्रश्नावली भरून घेऊन ‘७८ टक्के उत्तरदात्यांच्या मते डिजिटल माध्यम उपयुक्त आहे’ अशा धर्तीवर निष्कर्ष काढणाऱ्या पद्धतीचा पायाच या एका निष्कर्षाने हलतो.

पण म्हणून दूरसंचाराचा बाजारावर परिणामच होत नाही असेही नाही. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचत असताना मासळीच्या भावांचा अभ्यास केला. शेजारशेजारच्या किनाऱ्यांवरील भावांतील तफावत जवळजवळ नाहीशी झाली, फेकून द्यावी लागणारी मासळी थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. अपराजिता गोयल यांनी मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीने २००० सालापासून उभारलेल्या ई-चौपाल केंद्रांचा अभ्यास करून सोयाबीनचे मंडईतील भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढल्याचे दाखविले.

केरळात व मध्य प्रदेशात जे घडले ते महाराष्ट्रातील प्रयोगात का घडले नाही? तंत्रज्ञान तर सर्वत्र तेच, किंबहुना महाराष्ट्रातील प्रयोग नंतरचा. उत्तर विक्रेत्याच्या हालचालीच्या मोकळिकीत शोधावे लागते. समुद्रावरील मच्छीमाराला भाव कळताच होडीचे तोंड दुसऱ्या किनाऱ्याकडे वळविता येते. त्याची होडी हेच त्याचे वाहन व गोदाम. ई-चौपालमध्ये माहितीच्या जोडीला आयटीसी हा नवा खरेदीदार प्रत्यक्ष उभा होता. मंडईतील व्यापाऱ्याला भाव वाढविणे भाग पडले ते संगणकाच्या पडद्यामुळे कमी आणि पडद्यामागच्या ग्राहकामुळे अधिक. लघुसंदेश वाचणाऱ्या शेतकऱ्याला मात्र दूरच्या बाजारातील भाव कळला, तरी भाड्याची गाडी तीच, ओळखीचा आडत्या तोच आणि त्याच्याकडून घेतलेली उचलही तीच राहिली.

सीताफळाची कसोटी

आता बीडकडे येऊ. धारूर, अंबाजोगाई व परिसरातील बालाघाटाच्या डोंगररांगांत सीताफळ पूर्वापार आहे. अंबाजोगाई येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र असून ‘धारूर-६’ हा वाण तेथलाच. ‘बीड सीताफळ’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डिजिटल विपणनाला याहून अनुकूल वस्तू कोणती? नाव आहे, कहाणी आहे, छायाचित्र देखणे येते, आणि हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे शहरातील ग्राहक खर्चास तयार असताना.

परंतु सीताफळ हे फळ तोडल्यानंतर साध्या तापमानात दोन-चार दिवसांत पिकते आणि पिकले की हातातही धरवत नाही. डोळे उघडून दोन डोळ्यांमधील भाग पांढुरका-पिवळसर होताच ते काढावे लागते; त्याआधी काढले तर नीट पिकत नाही, नंतर काढले तर वाटेतच फुटते. शीतगृहात ठेवावे तर फार थंडाव्याने साल काळी पडते. गर काढून साठवावा तर तो लवकर तपकिरी होतो आणि तापविल्यास कडवटपणा येतो. छायाचित्र पाहून पुण्यातील ग्राहकाने मागणी नोंदविल्यापासून फळ त्याच्या दारी पोहोचेपर्यंतचा कालावधी या दोन-चार दिवसांत बसला पाहिजे. जाहिरातीचे तंत्रज्ञान सेकंदांत मोजले जाते; सीताफळाचे विपणन तासांत. ही दोन घड्याळे जुळविण्याचे काम ज्या संशोधनाने होईल ते या फळापुरते खरे विपणन-संशोधन होय, मग ते वाणिज्य विभागात होवो अथवा उद्यानविद्या विभागात.

याचा पुरावा शेजारीच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेला ‘एनएमके-१ गोल्डन’ हा वाण अल्पावधीत दूरवर पसरला, तो कमी बिया, अधिक गर आणि विशेषतः तोडणीनंतर अधिक दिवस टिकण्याच्या लौकिकावर. टिकण्याचे दिवस वाढले की दूरची बाजारपेठ जवळ येते; मग त्या बाजारपेठेतील भाव सांगणाऱ्या संदेशालाही अर्थ येतो. डोंगरातील गावरान सीताफळ चवीला सरस असल्याचे बीडकर अभिमानाने सांगतात, आणि त्यांना खोटे ठरविण्याचे कारण नाही. पण चव पडद्यावरून पाठविता येत नाही.

मानांकनाच्या बाबतीतही विचार थोडा वेगळा करावा लागेल. भौगोलिक निर्देशांक अधिनियम १९९९ चा, अंमलात आला २००३ मध्ये. तो नावाचे रक्षण करतो आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेल्या उत्पादकास ते नाव लावण्याचा अधिकार देतो. परंतु डोंगरातील सीताफळ वेचणारा पुष्कळदा भूमिहीन असतो, पाटीवर किंवा क्रेटवर विकतो आणि त्याचा माल चार हात बदलून शहरात पोहोचतो. पुण्याच्या मार्केट यार्डात ते फळ कोणत्या डोंगरातले हे सांगणारे काही त्याच्या अंगावर नसते. येथे तंत्रज्ञानाला खरोखर वाव आहे: क्रेटवर गाव व तोडणीचा दिवस सांगणारी साधी खूणचिठ्ठी, हवे तर क्यूआर कोड. आकर्षक चित्रफितीपेक्षा हे काम नीरस आहे, म्हणूनच बहुधा कोणाच्या प्रकल्प अहवालात येत नाही.

आणखी एक गोष्ट बीडच्या संदर्भात टाळता येत नाही. डिजिटल जाहिरातीतील ‘स्थान’ ही संकल्पना फोन जेथे आहे तेथे ग्राहक आहे असे मानते. दसऱ्या-दिवाळीनंतर जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे कोयत्याच्या उचलीवर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात बीडच्या माणसाचा फोन कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव परिसरात असतो. त्याचे रेशनकार्ड, शेताचा तुकडा आणि म्हातारे आईवडील गावी असतात. सीताफळाच्या ऐन हंगामातच तोडणारे हात कमी होऊ लागतात. ग्राहक-वर्तनाच्या आदर्श प्रतिमानात न बसणारी ही लोकसंख्या संशोधनाचा विषय व्हावयास हवी होती; ‘ग्रामीण ग्राहक’ या एका शब्दाने ती पुसली जाते.

पूर्वी आणि नंतर

या जिल्ह्यात डिजिटल माध्यमाचा परिणाम मोजू पाहणाऱ्यास २०१६ हे वर्ष मोहात पाडते. स्वस्त इंटरनेट त्याच वर्षी आले. त्याआधी उत्पन्न किती, त्यानंतर किती, अशी दोन स्तंभांची सारणी केली की निबंध तयार होतो. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये युपीआयचा प्रारंभ झाला आणि १४ एप्रिलला ई-नाम ही राष्ट्रीय कृषी बाजार योजना सुरू झाली. जुलैमध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. सीताफळास मानांकन मिळाले तेही त्याच वर्षी. नोव्हेंबरात, सीताफळाचा हंगाम सरत असताना, नोटाबंदी झाली. शिवाय त्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि सप्टेंबरात मराठवाड्यात जोरदार पाऊस झाला. म्हणजे आधीची वर्षे दुष्काळाची आणि पुढचा हंगाम सुकाळाचा. इतक्या गोष्टी एकाच वर्षी बदललेल्या असताना भावातील वाढ व्हॉट्सॲपच्या नावावर मांडणे, किंवा घट नोटाबंदीच्या नावावर मांडणे, हे दोन्ही सारखेच निराधार आहे.

हाच दोष प्रश्नावलीच्या पद्धतीत दुसऱ्या रूपाने येतो. सोयीने निवडलेले उत्तरदाते म्हणजे बहुधा महाविद्यालयाचे विद्यार्थी व त्यांचे नातलग. प्रश्नावली गुगल फॉर्मवर, म्हणजे जो ऑनलाइन नाही तो आपोआप वगळलेला. आणि प्रश्न मताविषयी, व्यवहाराविषयी नाही. या पद्धतीच्या प्रसाराला पदोन्नतीच्या गुणांकन व्यवस्थेने हातभार लावला हे उघड गुपित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत शोधनिबंधाला गुण लावले आणि निबंधांचा महापूर आला. त्यांना बांध घालण्यासाठी पुढे नियतकालिकांची यादी आली आणि २०२५ च्या प्रारंभी तीही रद्द झाली. यादी असो वा नसो, शंभर प्रश्नावल्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

याहून चांगले काम करण्यास फार मोठा निधी लागतो असेही नाही. महाविद्यालयांकडे एक गोष्ट अशी आहे जी मोठ्या कंपन्यांकडेही नाही: गावोगावचे विद्यार्थी. धारूर-अंबाजोगाई परिसरातील वीस-पंचवीस गावे निवडावीत. व्हॉट्सॲपवरून थेट विक्रीची व्यवस्था सर्व गावांत एकदम सुरू न करता चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांत पहिल्या हंगामात व उरलेल्यांत दुसऱ्या हंगामात सुरू करावी. म्हणजे कोणी वंचित राहत नाही आणि तुलनेस नियंत्रण गटही मिळतो. पाऊस कमी झाला तर दोन्ही गटांत कमी होईल, दिवाळी लवकर आली तर दोघांनाही लवकर येईल. त्यानंतर उरलेला फरक व्यवस्थेच्या नावावर मांडण्यास आधार असेल; वीस-पंचवीस गावांच्या संख्येमुळे बारीक फरक कदाचित दिसणार नाही, पण शेतकऱ्याला जाणवण्याएवढा फरक असेल तर त्याचा अंदाज येईल.

मोजावयाचे काय, हे मात्र आधी नीट ठरवावे लागेल. अनुयायांची संख्या, संदेश पाहणाऱ्यांची संख्या, चौकशीचे फोन हे सर्व नोंदवावे, पण परिणाम म्हणून मांडू नये. परिणाम म्हणजे तोडलेल्या दर किलोमागे घरी आलेली निव्वळ रक्कम: विक्रीची किंमत, वजा क्रेट, वजा हमाली व भाडे, वजा ग्राहकाने परत केलेला माल, वजा तोडणीची मजुरी, घरच्या बायकांनी केली असली तरी. आणि भागाकार विकलेल्या किलोंनी करावयाचा नाही, तोडलेल्या किलोंनी करावयाचा. नासलेली फळे कोणत्याही ॲपच्या हिशेबात येत नाहीत. ती बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला टाकलेली असतात, आणि दर संध्याकाळी वही घेऊन तेथे जाऊन मोजावी लागतात.